पुण्याच्या सायकलींना भूतकाळात ढकलू नका, आणि माळ्यावरच्या निगेटिव्ह टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत जुन्या पुण्याचे फोटो आले होते, लकडी पुलावर सायकलीच सायकली, आणि खाली ओळ होती की पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं. फोटो फार छान होते, मी कापून ठेवलेत. पण ते "होतं" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. कारण ती पुरवणी आमच्या दारात टाकणारे काका सायकलवरूनच आले होते. रोज येतात. पहाटे पाच-सव्वापाचला चौकात फुटपाथवर बसून पुरवण्या पेपरात घालतात, कॅरियरला आणि हँडलला गठ्ठे बांधतात आणि उजाडायच्या आत त्यांची अर्धी लाइन संपलेली असते. मी त्यांचे फोटो काढलेत, सलग चार हिवाळे. त्यामुळे सायकली गेल्या असं कोणी म्हटलं की मला ते पटतच नाही.

मी सदाशिव पेठेत राहते, एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते आणि गेली सहा वर्षं ऑफिसच्या आधी तासभर आणि रविवारी जमेल तेवढा वेळ पुण्यातल्या सायकलवाल्यांचे फोटो काढते, तेही फिल्मवर, म्हणजे जुन्या पद्धतीने कॅमेऱ्यात रोल घालून.

हे सुरू झालं आईमुळे. आई नर्स होती, स्टेशनजवळच्या हॉस्पिटलात. नारायण पेठेतून फडके हौद, दारूवाला पूल, सोमवार पेठ असं करत ती रोज सायकलने जायची, लेडीज सायकल, मागच्या चाकाला दोऱ्याची जाळी विणलेली, साडी अडकू नये म्हणून. १९७३ पासून ते १९८९ ला लूना घेईपर्यंत सोळा वर्षं, पाऊस असो, पाळी कुठलीही असो. दुपारपाळी करून रात्री परत यायची तेव्हा डायनॅमोचा घर्रर्र आवाज बोळात आला की आम्ही भावंडं उठून बसायचो. तर २०१९ ला तिच्या सत्तरीला आम्ही अल्बम करायचं ठरवलं आणि घरातले सगळे फोटो खाली काढले. लग्न, बारशी, मुंज, अष्टविनायक, महाबळेश्वर, हॉस्पिटलातला निरोप समारंभ, सगळं होतं. सायकलवरची आई कुठेच नव्हती. सोळा वर्षांत एक फोटो नाही.

तेव्हाच्या लोकांचं मी समजू शकते. मामाकडे बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री होता, त्यात एका रोलवर १२ फोटो निघायचे, आणि ते १२ सणावाराला आणि पाहुण्यांना पुरवायचे असायचे, बाई सकाळी कामाला निघालीय ह्याच्यावर कोण एक फोटो घालवणार? पण आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, दिवसाला शंभर फोटो निघतात आणि तरीसुद्धा दूधवाल्याचा, पाववाल्याचा, पेपरवाल्याचा फोटो कोणाच्याच मोबाइलमध्ये नाही. रोज दिसतो तो माणूस फोटोत येत नाही, हे आईच्या वेळीही होतं आणि आजही तसंच आहे.

पण अल्बमची गोष्ट अजून संपलेली नाही. त्याच शोधाशोधीत माळ्यावर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, त्यात मामाच्या निगेटिव्ह, म्हणजे ज्यावरून प्रिंट काढतात ती धुतलेली फिल्म. झाकण उघडलं तर व्हिनेगरसारखा आंबट वास. तो वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेटचा थर खराब व्हायला लागलाय ह्याची खूण असते, उष्णता आणि दमट हवा असली की ते आणखी वेगाने होतं, आणि आमचा माळा स्लॅबला चिकटून, म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. काही निगेटिव्ह आक्रसून वाकड्या झाल्या होत्या, काहींवर बुरशी. त्यातली एक गौरी-गणपतीची होती, जिचा फोटो अल्बममध्ये होताच, आजी, मावश्या, मधे मखर. क्लिक थ्रीची निगेटिव्ह चौकोनी असते आणि स्टुडिओवाले तेव्हा आडवी प्रिंट काढून द्यायचे, त्यात वरची-खालची बाजू कापली जायची. निगेटिव्ह उजेडात धरली तर खालच्या कोपऱ्यात, दाराच्या बाहेर भिंतीला टेकलेल्या आईच्या सायकलचं मागचं चाक. जाळी सुद्धा दिसते. प्रिंटमध्ये ते कधीच आलं नव्हतं. चाळीस वर्षं ते चाक त्या डब्यात होतं आणि आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. आईने ते बघितलं आणि तिला पहिली आठवण कसली झाली तर ती जाळी विणणाऱ्या माणसाची, तो कुठे बसायचा, किती दोरा मागायचा, सगळं तिने सांगितलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी जुन्या बाजारात गेले, मंगळवार पेठेत रविवार-बुधवार भरतो तिथे, आणि एक पेंटॅक्स के १००० घेतला. १९७६ ते १९९७ इतकी वर्षं हे मॉडेल बनत होतं, पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी फक्त लाइट मीटरच्या काट्याला लागते, ती संपली तरी शटर चालतं. लेन्समध्ये बुरशी होती आणि पाठीमागच्या दाराचा फोम विरघळून चिकट झाला होता त्यामुळे पहिल्या रोलवर उजेडाचे पट्टे आले, मग एका दुरुस्तीवाल्याने फोम बदलून दिला. तेव्हापासून तोच कॅमेरा, तीच ५० मिलिमीटरची लेन्स.

लोक विचारतात फिल्म कशाला, मोबाइल आहे की. मोबाइलला माझा विरोध नाही, माझी मुलगी मोबाइलवर फार चांगले फोटो काढते. पण फिल्मवर काढायला लागल्यापासून एक गोष्ट झाली जी मोबाइलने झाली नसती. फोटो काढला की माणूस म्हणतो दाखवा बघू, आणि मला दाखवायला काहीच नसतं, कॅमेऱ्याची पाठ कोरी. मग सांगावं लागतं की रोल संपला की धुणार, मग प्रिंट काढणार, मग तुम्हाला आणून देणार, तुम्ही कुठे भेटाल? इथून पुढे खरं बोलणं सुरू होतं. कुठून येता, किती वाजता, सायकल कोणाची, किती वर्षांची. आणि पुढच्या महिन्यात पाच बाय सातची प्रिंट घेऊन मला त्या जागेवर, त्याच वेळेला परत जावंच लागतं. सहा वर्षांत मी दिलेल्या प्रिंट दोनशेच्या पुढे असतील आणि माझी निम्मी ओळख ह्या शहराशी त्यातूनच झालीय. इथेच जन्मले, इथेच शिकले, आणि पहाटे साडेपाचला शहरात कोण कोण जागं असतं हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

पैशाचं म्हणाल तर फिल्म स्वस्त नाही. एक रोल हजाराच्या घरात जातो, म्हणून आम्ही तिघीजणी मिळून ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा १०० फुटांचा डबा मागवतो आणि रोलच्या रिकाम्या डब्यांमध्ये स्वतः भरतो, ३६ फोटोंचे साधारण अठरा रोल निघतात. एकेकाळी आपल्याकडेच उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, १९६० साली स्थापन झालेला, त्यांची "इंदू" नावाची फिल्म यायची, आई सांगते हॉस्पिटलात एक्सरेची फिल्म पण इंदूची असायची. तो कारखाना बंद पडला, आता सगळा माल बाहेरचा. धुलाई घरीच, बाथरूममध्ये. डेव्हलपर २० डिग्रीला लागतो आणि मे महिन्यात नळाचं पाणी तापलेलं, मग बादलीत बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवायच्या, थर्मामीटरवर लक्ष, साडेसात मिनिटं फिल्म ठेवलेली छोटी बंद टाकी अधूनमधून उलटीसुलटी करायची, मग हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, मग भरपूर पाणी, आणि शेवटी ओल्या फिल्मची पट्टी कपड्यांच्या चिमट्याने दोरीला. घरातल्यांना रविवारी दुपारी बाथरूम मिळत नाही, त्यांनी इतकी वर्षं चालवून घेतलं ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आता मुद्दा, कोण आहेत हे सायकलवाले. तुमच्या जुन्या फोटोत आहेत ते क्लार्क, कॉलेजची मुलं, प्रोफेसर, खडकीच्या दारुगोळा कारखान्यातले कामगार, म्हणजे सगळं शहरच. त्यातला स्वतःची गाडी घेणं परवडलेला वर्ग सायकलवरून उतरला, पहिल्यांदा लूना-स्कूटर, मग बाइक, मग कार, आणि उतरताना त्याने ठरवून टाकलं की सायकली गेल्या. उरले ते दिसेनासे झाले, कारण ते आपल्या वेळेला रस्त्यावर नसतात. सिंहगड रोडने सकाळी सातला धायरीकडे परत जाणारे रात्रपाळीचे वॉचमन, स्वेटर, मफलर, हँडलला रिकामा डबा. बांधकामावर जाणारे मिस्त्री, दांडीला ओळंबा आणि थापी बांधलेली. घरकामाच्या मावशी, पण ह्यांच्यात सायकलवाल्या कमी, बहुतेक पायीच. मंडईतून कोथिंबिरीच्या जुड्यांचं पोतं कॅरियरवर लादून निघालेला पोरगा. क्लासला जाणाऱ्या आठवी-नववीच्या मुली, तिघी समांतर, गप्पा मारत, मागून बस हॉर्न देतेय तरी. आणि रविवारी खडकवासल्याच्या, सिंहगडाच्या दिशेने निघालेले हेल्मेट घातलेले, गिअरच्या सायकलवाले, त्यांना काही लोक नावं ठेवतात, मी ठेवत नाही. तेही पहाटे उठतात, तेही त्याच ट्रकच्या बाजूने जातात, आणि चढावर दम लागलेला चेहरा सगळ्यांचा सारखाच असतो हे माझ्या निगेटिव्हमध्ये दिसतं.

एका वॉचमन काकांची सायकल ॲटलसची आहे, चोवीस इंची, काळी. मी त्यांना प्रिंट द्यायला गेले तेव्हा सांगितलं की ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, तर ते काही बोलले नाहीत, फक्त फडक्याने हेडलाइटवरचं नाव पुसलं. तो फोटो मला काढता आला असता. काढला नाही, तेव्हा काढणं बरं वाटलं नाही.

फोटो काढायला सगळ्यात जास्त वेळ मी लकडी पुलावर उभी राहिलेय. शटर तीसवर ठेवायचं, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, आणि येणाऱ्या सायकलबरोबर कॅमेरा सरकवत न्यायचा आणि मधेच बटण दाबायचं. नीट जमलं तर सायकलवाला जागेवर राहतो आणि मागची रिक्षा, बस, कठडा, वरून जाणारी मेट्रो, सगळं शहर वाहून जातं. सुरुवातीला ३६ मधे एक बरा यायचा, आता चार-पाच येतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच फोटोग्राफरचा १९३२ चा एक प्रसिद्ध फोटो आहे, दक्षिण फ्रान्समधला, वरून काढलेला, वळत खाली जाणारा जिना अगदी स्पष्ट आणि गल्लीतून निघून चाललेला सायकलवाला हललेला. मी बरोबर उलटं करायचा प्रयत्न करते, कारण मला ते निघून जाणारे नकोत, मला ते थांबलेले हवेत, निदान कागदावर.

आणि धारवाला. ह्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आमच्या गल्लीत महिन्या-दीड महिन्याने येतो. सायकल स्टँडवर चढवतो, पट्टा सरकवतो, सीटवर बसून पायडल मारतो आणि पुढे दांडीवर बसवलेला दगड फिरायला लागतो, मग सुऱ्या, विळ्या, कात्र्या. सायकल जागची हलत नाही आणि तरी तो संध्याकाळपर्यंत कितीतरी मैल पायडल मारतो. एका संध्याकाळी ढगाळ उजेडात मी त्याचा पूर्ण रोल काढला, ३६ च्या ३६. साठवर शटर ठेवलं की ठिणग्यांच्या रेघा येतात, अडीचशेवर ठिपके येतात. त्याने विचारलं ताई एवढे कशाला, मी म्हटलं पुढच्या वेळी तुम्ही आलात आणि मी घरी नसले तर? त्याला ते पटलं. तो म्हणाला त्याचा मुलगा हे काम करणार नाही, आणि करू नये असंच त्यालाही वाटतं. म्हणजे ही सायकल खरंच जाईल. तेव्हा ती असेपर्यंत तिचे फोटो निघायला हवेत, ती गेल्यावर पुरवणीत ओळ लिहून काय उपयोग?

सायकल ट्रॅकबद्दल तुमच्याकडे पत्रं येतच असतात, मी फार लिहीत नाही. २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, ८०० किलोमीटरहून जास्त मार्गांचा. माझ्याकडे जे फोटो आहेत त्यात ट्रॅकवर लावलेल्या गाड्या आहेत, विटांचे ढीग आहेत, आणि सायकलवाले बाजूला मुख्य रस्त्यावर. मात्र ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो, लक्ष्मी रोडवर काही तास गाड्या बंद, त्या दिवशी मी गेले होते आणि नगरकर तालीम चौकात उभी असताना मागून सायकलची घंटी ऐकू आली. लक्ष्मी रोडवर घंटी ऐकू आली! दचकून वळले तर एक सत्तरीच्या आजी, हातात धरून सायकल नेत होत्या, चालवत नव्हत्या, घंटी मात्र वाजवत होत्या. तो फोटो थोडा हललाय पण मला तो सगळ्यात आवडतो.

आता तुमच्याकडे दोन मागण्या आहेत, आणि त्या मी फार मनापासून करतेय. पहिली म्हणजे पुण्याच्या सायकलींबद्दल लिहिताना "होतं" लिहू नका. आठवड्यातून एक छोटा चौकोन द्या, आजच्या एका सायकलवाल्याचा फोटो, नाव-गाव त्यांची परवानगी असेल तरच, वाचकांनी पाठवलेला, मोबाइलवरचा चालेल, फिल्मवरचा चालेल. लोकांनी एकदा काढायला सुरुवात केली की त्यांना दिसायला लागेल, मला तसंच दिसायला लागलं.

दुसरी जास्त महत्त्वाची, घरोघरच्या निगेटिव्ह. पुण्यात वाडे पाडून बिल्डिंगी होतायत, घर रिकामं करताना अल्बम लोक बरोबर नेतात आणि निगेटिव्हचे डबे भंगारात जातात, कारण त्यात काय आहे हे बघायची सोयच नसते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या आजोळचे सगळे फोटो गेले, ते वाहून गेलं त्याला इलाज नव्हता. पण आता जातायत ते आपल्या हाताने. ह्या शहराला फिल्म जपणं नवीन नाही, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आपल्या लॉ कॉलेज रोडवर आहे, आणि जानेवारी २००३ मध्ये इथेच नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागून केवढे जुने सिनेमे गेले हेही आपण बघितलंय. जुन्या कागदांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. मग पेठेतल्या साध्या घरातल्या, दारात सायकल टेकवलेल्या निगेटिव्हसाठी निदान पेपरातून एक आवाहन तरी करता येईल की नाही? भंगारात देण्याआधी एकदा बघा, एवढं. बघायला सोपं आहे, एका मोबाइलवर पांढरा स्क्रीन लावायचा, त्यावर निगेटिव्ह धरायची, दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून रंग उलटे करायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, साध्या कागदी पाकिटात ठेवा, माळ्यावर नको, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बरोबर सिलिका जेलची पुडी. आंबट वास येत असेल तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा काढा आणि आधी त्याच्या कॉपी करून घ्या, कारण त्याला फार दिवस उरलेले नसतात. आणि पाकिटावर पेन्सिलने लिहा, कोण, कुठे, साधारण कधी. हे सांगणारं माणूस घरात आहे तोपर्यंत लिहून घ्या. मामाच्या डब्यातल्या निम्म्या निगेटिव्हमध्ये कोण आहे ते आता आईलाही ओळखता येत नाही.

वाचकांपैकी कोणाकडे अशा निगेटिव्ह असतील आणि त्यात चुकून कुठे नर्सच्या पांढऱ्या साडीतली, सायकलवरची बाई दिसली, १९७३ ते १९८९, नारायण पेठ ते स्टेशन ह्या रस्त्यावरची, तर कृपया तुमच्या कार्यालयात कळवावं. ती माझी आई असेलच असं नाही, तेव्हा बऱ्याच जणी जायच्या. तरी मला बघायचंय.

सोबत एक प्रिंट पाठवतेय, तुमच्या पेपरवाल्या काकांची. जानेवारीतली पहाट, फिल्म १६०० ला ओढलीय, म्हणजे कमी उजेडात चालावी म्हणून जास्त वेळ धुतलीय, त्यामुळे दाणा जास्त दिसेल. छापली तर आनंद होईल, काकांना विचारून ठेवलंय, नाव नको म्हणाले, फोटो चालेल म्हणाले. नाही छापली तरी परत पाठवू नका, तुमच्याकडेच राहू दे. मागे पेन्सिलने तारीख आणि चौकाचं नाव लिहिलंय. निगेटिव्ह माझ्याकडे आहे आणि काकांची कॉपी काकांना दिलेली आहे.

आपली,
एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे ३०